कोंबडीनं दूध दिलं ती तपासणी

माझ्या धाकट्या नातीनं परवा विचारलं, "आजी, तू कधी कुणाला घाबरायचीस का गं?" मी म्हटलं, "छे! कुणालाच नाही." आजीनं नातीशी इतपत खोटं बोलायला हरकत नसते. खरं असं, की नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत कोल्हापुरात एक तरुण बाई राहत होती. ती साडीला जागोजाग पिना लावायची, घरी 'न्हाय' म्हणत मोठी झालेली जीभ शाळेत 'नाही'वर ताणून धरायची, आणि 'तपासणी' हा शब्द नुसता कानावर पडला तरी पदराला आणखी एक पिन लावायची. ती बाई म्हणजे मी. आज ती रस्त्यात भेटली तर मी आधी तिच्या चार पिना काढीन आणि मग बोलेन.

आमची शाळा एका तालमीच्या मागच्या खोल्यांत भरायची. बाहेरच्या पाटीवर त्या काळी 'मतिमंद' असाच शब्द होता. आता तो गेला, बरं झालं. मी विशेष शिक्षणाची पदविका घेऊन तिथं लागले त्याला दोन वर्षं होत आली होती. पण मी कायम नव्हते. नोकरी होती, पगार होता, पण उद्या 'येऊ नका' म्हणाले तर भांडायला जागा नव्हती. कायम व्हायचं तर जिल्ह्याच्या कचेरीतले साहेब येणार, वर्गात मागं बसून माझा एक पाठ बघणार आणि शेरा मारणार. शेरा चांगला, तर बाई कायम. शेरा वाईट, तर संस्थेच्या अध्यक्षांची भाची नुकतीच तीच पदविका घेऊन घरी बसली होती. अध्यक्ष हे काही लपवून ठेवत नसत. भर मीटिंगमध्ये मला म्हणाले होते, "बाई, तुमचं जमलं तर आनंदच हाय. न्हाय जमलं तर जागा तेवढी मोकळी पडायला नको, एवढंच माझं म्हणनं."

घरी सासूबाईंचं वेगळंच. "दोन वर्सं जातीयास, आनि अजून कायम केली न्हाय व्हय तुला? आमच्यात बघ, सून माप वलांडून आत आली की कायम. तपासनी न्हाय, काय न्हाय."

"तपासणी नाही कशी?" मी म्हणायचे. "रोजच असते की."

त्यावर त्या खूश होऊन हसायच्या आणि लगेच माझी भाकरी उलटून बघायच्या.

आमच्यासारख्या शाळांत जाऊन नेमकं काय बघायचं, हे तेव्हा तपासणाऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हतं, असं मला आता वाटतं. नेहमीच्या शाळेत साहेब फळ्यावरचं अक्षर बघतात, प्रश्न विचारतात, किती हात वर झाले ते बघतात. आमच्याकडंही तेच बघायचे. हात वर झाले नाहीत, बाई कच्च्या. मूल जागेवरून उठलं, बाई कच्च्या. एखादं पोर वर्षभर झटून शर्टाचं बटण लावायला शिकलं असेल, तर त्याला तपासणीत जागाच नव्हती. म्हणून आमच्या शाळेत एक रीत पडली होती. तिला आम्ही 'तपासणीचा पाठ' म्हणायचो. प्रत्येक बाईचा एक पाठ ठरलेला. तोच दरवर्षी. साहेब यायच्या आधी महिनाभर त्याची तालीम. पुढं पैलवानांची तालीम, मागं आमची.

माझा पाठ होता पाळीव प्राण्यांचा. तक्ते माझ्या नवऱ्यानं काढले होते. तो फाउंड्रीत ड्रॉइंगचं काम करायचा, त्यामुळं गाय अगदी मापात आली होती. कोंबडी मात्र, काय सांगू, चोच असलेली गायच दिसत होती. पण मी कौतुकानं आंधळी. गाय दाखवली की विचारायचं, गाय काय देते? मुलांनी म्हणायचं, दूध! मग कुत्रा कसा ओरडतो? भो भो! मग कोंबडी काय देते? अंडं! मग मांजर, म्याँव, टाळ्या, पाठ संपला. महिनाभरात वर्गाला ते इतकं पाठ झालं, की माझा खणखणीत आवाजाचा एक विद्यार्थी होता, तो मी तक्ता उचलायच्या आधीच 'दूध!' म्हणून गर्जायचा. आणि मी? मी खूश! घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "वर्ग काय तयार झालाय म्हणून सांगू!" शिकलेलं आणि घोकलेलं यातला फरक पदविकेच्या परीक्षेत मी दोन पानं लिहून आले होते. गुणही मिळाले होते चांगले.

या पाठात एकच मूल नव्हतं. दहा वर्षांची पोरगी, राधानगरीकडच्या एका वाडीतली. शाळेसाठी तिला इथं आत्याकडं ठेवली होती. आत्या मंडईत भाजी विकायची. पोरगी बोलत नव्हती. तहान लागली की ओरडायची, भूक लागली तरी ओरडायची, पोट दुखलं तरी तेच. घरात जो तो आपापल्या परीनं अर्थ लावायचा. कधी भाकरी मिळायची, कधी धपाटा. तिला मी एकच गोष्ट शिकवत होते: तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून घ्यायचं आणि प्यायचं.

हे शिकवायची आमच्या कामात एक उलटी पद्धत आहे. शेवटून सुरुवात करायची. आधी सगळं बाईंनी करायचं, मुलानं फक्त भरलेलं फुलपात्र तोंडाला लावायचं. ते जमलं की त्याच्या आधीचं काम. मग त्याच्याही आधीचं. असं मागं मागं सरकायचं. यात गंमत अशी, की मूल दर वेळी पाणी पिऊनच उठतं, हरून कधी उठत नाही. तर असं मागं सरकत सरकत आम्ही तांब्या वाकवण्यापर्यंत आलो होतो. वाकवणं तिला जमलं. थांबणं जमत नव्हतं. फुलपात्र भरलं, वाहिलं, जमीन भिजली तरी तांब्या रिकामा होईपर्यंत ती ओतत राहायची. म्हणून मी तिच्या कोपराखाली माझी दोन बोटं धरायची आणि पाणी काठाशी आलं की हलकेच दाबायची. बोटं दाबली की ती थांबायची. बोटं काढली की पूर.

तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "हिला उद्या मागच्या खोलीत मावशींजवळ बसवा. साहेबांपुढं सांडलवंड नको."

मी ज्ञानी माणसासारखी मान हलवली.

साहेब अकराला येणार होते. अकराला मुलं हातपाय धुऊन, पावडर लावून, ओळीत बसली होती. साहेब आले नाहीत. बाराला आले नाहीत. बाहेर मोटारसायकल वाजली की मोठ्या बाई दारातून खूण करायच्या, मी तक्ता उचलायची, वर्ग 'दूध!' म्हणायचा, आणि दूधवाला किंवा पोस्टमन निघायचा. असं किती वेळा झालं देव जाणे. जेवणं झाली. मुलांचे डोळे मिटायला लागले. माझ्या इस्त्रीच्या पदराचं पोतेरं झालं. अध्यक्षांनी साहेबांसाठी घरून मटणाचा डबा आणवला होता, तो टेबलावर गार होत होता.

तीन वाजून गेल्यावर साहेब आले. चालत. एसटी वाटेत बंद पडली म्हणाले. आम्ही सगळ्यांनी एक जाडजूड, खाकरणारा, फाइल आपटणारा साहेब मनात धरला होता. हा बारीक माणूस, हळू बोलणारा. मला त्याचीच जास्त भीती वाटली. ओरडणाऱ्या माणसाचं कसं, ओरडून झालं की संपलं. हळू बोलणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

"आधी चार घास खाऊन घ्या साहेब," अध्यक्ष म्हणाले. "आमच्या घरचा रस्सा हाय."

"आज सोमवार आहे," साहेब म्हणाले. "वर्ग बघू या."

मागं गादीची खुर्ची मांडली होती. ते तिच्यात बसले नाहीत. मुलांचं एक बुटकं स्टूल ओढून, गुडघे छातीशी घेऊन, अगदी माझ्या तक्त्यांच्या शेजारीच बसले. गादीच्या खुर्चीत अध्यक्ष बसले, कारण ती रिकामी ठेवणं त्यांना बघवलं नसतं. मोठ्या बाई दाराशी उभ्या. मी गायीला हात घातला. तेवढ्यात साहेबांनी गठ्ठ्यातला वरचा तक्ता स्वतःच उचलला आणि वर्गाला दाखवला. दिवसभर उचल-ठेव केल्यामुळं वर कोंबडी आली होती.

"सांगा बरं," ते म्हणाले, "कोंबडी काय देते?"

"दूध!" सगळा वर्ग. एका आवाजात. इतकं सुरेख एकसुरात त्यांनी महिनाभरात कधी म्हटलं नव्हतं.

साहेबांच्या कपाळाला एक आठी पडली. त्यांनी गाय उचलली. "आणि ही?"

"भो भो!"

दाराशी मोठ्या बाईंनी डोळे मिटले. साहेबांनी कुत्रा उचलला. मला वाटलं, देवा, आता तरी थांब रे बाबा. कुत्र्यानं अंडं दिलं. खणखणीत आवाजाच्या माझ्या विद्यार्थ्यानं तर पुढचं म्याँवही वेळ न घालवता म्हणून टाकलं, आणि टाळ्या. टाळ्या झाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, शाबासकीसाठी.

"चित्रच तसं हाय साहेब," अध्यक्ष मोठ्यानं हसून म्हणाले. "कोंबडी हाय का म्हस, मलाबी कळंना झालंय."

साहेब हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. टक् असा आवाज झाला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "झाला पाठ?" त्यांनी विचारलं.

"झाला," मी म्हटलं.

"साहेब, आमच्या बाई तशा कष्टाळू आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. 'तशा' हा शब्द ऐकला आणि मला कळलं, गेलो आपण. अध्यक्ष खुर्चीत सरसावून बसले. भाचीचं नाव त्यांच्या अगदी ओठावर आलेलं मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांपुढं सासूबाई. त्या काही बोलणार नाहीत, फक्त भाकरी उलटून बघतील.

आणि नेमकं तेव्हा मागच्या खोलीतून ती ओरडली. तिची ती ओरड. शाळेच्या मावशी तिला 'गप गं, गप गं बाळा' म्हणत होत्या. साहेबांनी मान वळवली.

"ते कोण?"

"त्या मुलीला जरा बरं नाही," मोठ्या बाई घाईनं म्हणाल्या.

"तिला तहान लागलीय," मी म्हटलं.

हे मी धाडसानं म्हटलं असं समजू नका. तहानेची तिची ओरड जराशी वरच्या पट्टीत जाते हे मला सवयीनं कळायला लागलं होतं, आणि सवयीनंच तोंडातून गेलं.

"कुणाच्या वर्गातली?"

"माझ्या."

"तिला काय शिकवता?"

"पाणी ओतून घ्यायला."

"पानी वतायला?" अध्यक्ष म्हणाले. "त्याला शाळा कशाला लागती वो?"

मी सांगायला लागले. उलटी पद्धत, शेवटची पायरी, पदविकेत पाठ केलेलं सगळं भडाभडा बाहेर यायला लागलं. साहेबांनी हात वर केला. "सांगू नका. दाखवा."

मावशींनी तिला आणलं. चटई अंथरली. पुढं तांब्या, शेजारी फुलपात्र. मी तिच्या शेजारी मांडी घालून बसले. साहेबांनी स्टूल जवळ घेतलं. वर्गातली बाकीची मुलं आपोआप गप्प झाली. त्यांना हे रोजचं होतं. गप्प बसत नव्हती ती मोठी माणसं. या पोरीचं असं, की तांब्या पुढं ठेवल्यापासून तिचा हात उठेपर्यंत बराच वेळ जातो. ती आधी तांब्याकडं बघते. मग दाराकडं. मग पुन्हा तांब्याकडं. मग बोटं हलतात. या सगळ्यात आपण काहीच करायचं नसतं. शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम ते, आणि बघणाऱ्याला वाटतं, बाई बसून आहेत.

बोटं हलली. तेवढ्यात मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "उचल ना बाळा."

तिनं आवाजाकडं बघितलं. हात मांडीवर परत.

पुन्हा पहिल्यापासून. तांब्या, दार, तांब्या. बोटं.

"उचल की गं पोरी," अध्यक्ष म्हणाले. "लाजतीयास व्हय?"

हात परत.

पुढं दोन हजार सालानंतर मी स्वतः मोठ्या बाई झाले, दुसऱ्यांचे वर्ग बघायला मागच्या खुर्चीत बसले, तेव्हा मला कळलं, की दोष माणसांचा नसतो, त्या खुर्चीचाच असतो. तिच्यात बसलं की जीभ खाजते. पण त्या दिवशी मी खाली चटईवर होते. तिसऱ्यांदा बोटं हलली, तिनं तांब्याच्या गळ्याला हात घातला, आणि आता खुद्द साहेबांनी तोंड उघडलं, "शाब्..."

"गप बसा की वो सगळी!"

हे मी म्हणाले. शुद्ध नाही, पिना लावलेलं नाही. माझ्या माहेरच्या अंगणातलं, म्हशीला हाकताना म्हणतात त्या आवाजातलं. अध्यक्षांना, मोठ्या बाईंना, जिल्ह्याच्या साहेबांना, एकदमच. एकदा तोंडातून गेल्यावर ते परत गिळायची सोय नव्हती. भिंतीपलीकडं पैलवान यायला लागले होते. एकानं शड्डू ठोकला, तेवढाच आवाज.

तिनं तांब्या उचलला.

मी दोन बोटं तिच्या कोपराखाली नेली. आणि बघते तर माझा हात कापतोय. थंडीत कापावा तसा. तांब्या वाकला. पाणी फुलपात्रात पडायला लागलं. मी हात स्थिर करायला बघितला, होईना. पाणी निम्म्यावर आलं. मी हात काढून घेतला.

पाणी चढत होतं. मी तिच्या मनगटाकडं बघत होते. पाणी काठाशी आलं. माझ्या घशात 'थांब' आला होता, तो मी दातांनी धरला. पाणी काठावरून खाली आलं, चटईवर पसरलं, साहेबांच्या बुटापर्यंत गेलं. ते हलले नाहीत. तिनं त्या पसरणाऱ्या पाण्याकडं बघितलं. मग माझ्या हाताकडं. तो माझ्या मांडीवर होता. पुन्हा पाण्याकडं.

तांब्या सरळ झाला.

आत पाणी शिल्लक होतं. तिनं तो खाली ठेवला, फुलपात्र दोन्ही हातांनी उचललं आणि घटाघटा प्यायली. निम्मं फ्रॉकवर.

"थांबली!" मी ओरडले. "थांबली, थांबली!"

अध्यक्षांनी मोठ्या बाईंकडं बघितलं. ओली चटई, ओली पोरगी, साहेबांचे ओले बूट, आणि बाई आनंदानं नाचायच्या बेतात. बघणाऱ्याला काय वाटलं असेल ते मी त्यांच्या तोंडावर वाचत होते.

"सांडलं की सगळं," साहेब म्हणाले.

"सांडलं. पण थांबली आपली आपण. कालपर्यंत मी कोपर दाबायची तेव्हा थांबायची. नाहीतर तांब्या रिकामा."

"पुन्हा करू दे."

इथं एखादी शहाणी बाई म्हणाली असती, साहेब, आज पुरे. मी तसं म्हणाले नाही. मावशींनी तांब्या भरून आणला. पुन्हा ती वाट बघणं. या वेळी कुणी बोललं नाही. अध्यक्षांनी तर तोंडावर रुमाल धरला होता. तिनं तांब्या उचलला, वाकवला. माझे दोन्ही हात मांडीवर. पाणी काठाशी आलं, काठावरून गेलं, चटई, फरशी. साहेबांचा हात नकळत पुढं आला, तांब्या सावरायला. मी तो मनगटाशी धरला. साहेबांचा हात! तांब्या पार रिकामा झाला. शेवटचा थेंब पडला तरी ती वाकवूनच बसली होती.

सगळं संपलं. मी हात सोडला. मला रडू येत होतं आणि पिना टोचत होत्या.

"पहिल्यांदा थांबली, दुसऱ्यांदा नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे येतं की येत नाही?"

"अजून येत नाही," मी म्हटलं. "पण आज एकदा आलं."

"तुम्ही पहिल्या वेळी हात आधी तिच्या कोपराखाली नेलात आणि मग काढून घेतलात. का? तपासणी होती. बोटं दाबली असती तर पाणी काठाशी थांबलं असतं. मला काय कळणार होतं?"

खरंच की. ते मला तेव्हा सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारत नाही. त्या वेळी मी खरं तेच बोलले, कारण खोटं बोलायला अंगात त्राण नव्हतं.

"हात कापत होता साहेब. घाबरले होते. कापणारा हात तिच्या कोपराला लागला असता तर तिला वाटलं असतं, बाई थांब म्हणतायत. मग ती पाणी बघून थांबली का माझ्या भीतीनं थांबली, हे मलाच कळलं नसतं. उद्या कुठून सुरू करायचं, तेही कळलं नसतं."

मावशी फडकं घेऊन आल्या आणि साहेबांच्या बुटांभोवतीनं पुसायला लागल्या तरी ते उठले नाहीत. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"उद्या कुठून सुरू करणार?"

"फुलपात्राला आतून एक रेघ मारून बघते. लाल. काठाच्या खाली."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बोटं आहेतच. पण एकच बोट."

त्यांनी दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते मला दिसेना, आणि डोकावायची हिंमत नव्हती. ऑफिसात गेल्यावर अध्यक्षांनीच विचारलं, "मग साहेब, बाईंचं काय करायचं? म्हंजी आमच्याकडं दुसरी उमेदवार..."

"बाईंना कायम करा," साहेब म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पण पाठ वाईट होता. फार वाईट. पुढच्या वर्षी मला ती कोंबडी दिसता कामा नये."

"नाही दिसणार," मी म्हटलं.

"आणि शिकवताना माणसांना गप्प करायचं असेल तर आधी बाहेर काढत जा. दर वेळी एवढा आवाज लावणं परवडणार नाही."

अध्यक्षांनी मटणाचा डबा उचलला आणि एक शब्द न बोलता गेले. मोठ्या बाईंनी साहेबांना फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता कौतुक. त्या म्हणाल्या, "अध्यक्षांना गप बसा म्हणालात?"

"तुम्हालाही म्हणाले बाई."

"ते मला ऐकू आलं," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. हसल्या की रडल्या, तेवढं मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.

पाचला पोरांना न्यायला माणसं आली. आत्या मंडईतून तशीच आली होती, डोक्यावर रिकामी पाटी, कानात अजून गिऱ्हाइकाची घासाघीस. मी पळत गेले. कायम झाल्याचं तिला सांगून काय उपयोग. मी सांगितलं, तुमची पोरगी आज पाणी ओतताना आपली आपण थांबली.

"व्हय?" आत्या म्हणाली. पोरीच्या ओल्या फ्रॉककडं बघून म्हणाली, "दिसतंय की."

"खरंच थांबली. एकदा."

"आनि घरात का थांबत न्हाय मग? काल तांब्या वतून सगळं हातरून भिजवलं तिनं."

आता मी कायम होते, रोज इथंच यायचं होतं, त्यामुळं हा प्रश्न टाळता येणार नव्हता. "तुमच्या घरी तांब्या कसला आहे?" मी विचारलं.

"कसला म्हंजी? पितळंचा. माज्या आईचा हाय. जड हाय."

"आमचा स्टीलचा आहे. हलका. उद्या तुमचाच पाठवून द्या शाळेत. त्याच्यावरच शिकवते."

आत्यानं पोरीचा हात धरला, पाटी सावरली आणि माझ्याकडं असं बघितलं, की दिवसभरात तसं साहेबांनीही बघितलं नव्हतं.

"आनि आमी काय वंजळीनं प्यायचं व्हय, बाई?"